राखेतल्या दोन कुड्या

१

चंद्राबाईंना अग्नी दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी पणदऱ्याच्या त्यांच्या रानात राख सावडायला सगळी भावकी जमली. भीमा हा त्यांच्याकडचा तीस वर्षांचा जुना गडी. त्याने राखेवर दूधपाणी शिंपडलं, अस्थी वेचून मडक्यात भरल्या आणि उरलेली राख चाळणीने चाळायला बसला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हातारीच्या कानातल्या हिऱ्याच्या कुड्या तशाच तिच्यासोबत जाऊ दिल्या होत्या, हे गावभर झालं होतं. कुडीत एकेकच हिरा, पण तुरीच्या डाळीएवढा, माहेरहून आलेला. सापडल्या तर घरच्यांच्या हवाली कराव्यात एवढाच त्या बिचाऱ्याचा हिशेब होता.

दोन्ही सापडल्या, आणि तिथेच सगळं बिनसलं.

सोनं काळवंडून मऊ पडलं होतं, तरी कुड्या ओळखू येत होत्या. डावीतला हिरा पाण्यात विसळल्याबरोबर लखलखला. उजवीतला मात्र पांढराफटक, मिठाच्या खड्यासारखा. भीमाने तो धोतराला पुसला, थुंकी लावून पुसला, पुन्हा पाण्यात बुडवला. चमक म्हणून नाही. मागून कुणीतरी म्हणालं, ही तर काच. आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं की उजव्या कुडीची फिरकी मार्चमध्ये तुटली होती आणि ती दुरुस्तीला बारामतीला नेली होती सबिनाने. सोनाराने बसवलेली नवी जाड दांडी राखेतूनही दिसत होती.

सबिना मुलाणी अडीच वर्षं चंद्राबाईंचं हगणंमुतणं, औषधं, रात्रीचं जागरण सगळं करत होती. ती दहा पावलांवर बांधावर उभी होती. चंद्राबाईंचा मुलगा ऋषिराज, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने तिला काही विचारलं नाही. दहाव्यापर्यंत हिरा आणून दे, नाहीतर त्याच दिवशी पोलिसात नाव देतो, असं साऱ्या भावकीदेखत सांगितलं आणि पाठ फिरवली.

तिच्या बाजूने एकही माणूस बोललं नाही. बोलायचं तरी काय? डोळ्यांना दिसत होतं ते दिसत होतं.

२

जळोचीत रस्त्याकडेला मेहजबीनचं हातभर दुकान आहे. काळ्या मण्यांच्या पोती ओवायच्या, तुटलेले सर गाठायचे. हे काम तिच्या घराण्यात चालत आलेलं. पण मधली बावीस वर्षं तिने मुंबईत एका हिऱ्याच्या पेढीत काढली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिमट्याने हिरे निवडायचे, कुठला स्वच्छ, कुठल्यात डाग, कुठला पिवळसर, हे ठरवायचं. नवरा गेल्यावर ती परत आली. तेव्हापासून सगळं जळोची तिला आपा म्हणतं आणि तिच्या तिखट जिभेला थोडं टरकूनही असतं. पोत ओवून होईपर्यंत बाई समोर बसून असते, त्यामुळे दोन तालुक्यांतल्या घरांचं आतलंबाहेरलं आपाला बसल्या जागी कळतं. त्यातलं बहुतेक ऐकून तिला वीट आला होता.

सबिना त्याच दुपारी आली. ती रडत नव्हती, आणि आपाला त्याचीच भीती वाटली. तिने सगळं ओळीने सांगितलं. आणखी दोन घरी ती म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शनं द्यायला जायची. दोन्हीकडून फोन आले होते, उद्यापासून येऊ नको म्हणून.

"पोलिसाचं भ्या न्हाय मला, आपा," ती म्हणाली. "पर माझं काम म्हंजे काय? लोकं घर उघडं टाकून, आपलं म्हातारं माणूस माझ्या हवाली करून जात्यात. चोर म्हणून नाव झाल्यावर कोण करंल?"

आपाने हातातली सुई खाली ठेवली नव्हती. तिने विचारलं, त्या पांढऱ्या खड्याच्या कडा कशा होत्या? वितळून गोल झाल्या होत्या, की होत्या तशाच?

"तशाच. भीमानं मागनं दोन्ही जवळ आणून दावले, तवा पैलू मोजता येत हुते. वर नुसतं धुकं बसल्यावाणी."

"आणि दुसरा?"

"त्यो कालच दुकानातनं आणल्यावाणी. काजळी पुसली की झालं."

आता आपाने सुई ठेवली. एकाच चितेत, एकाच डोक्याच्या दोन बाजूंना दोन खडे पाच-सहा तास जळले होते. एकावर धुकं बसलं, दुसऱ्याला आच लागली नाही. गावाने यातून जे काढायचं ते काढलं होतं. आपाच्या मनात जे आलं ते याच्या नेमकं उलट होतं, आणि ते खरं असेल तर सबिना सुटत होती, पण दुसरं कुणीतरी अडकत होतं. आज तिसरा दिवस धरला तर हातात सात दिवस होते. लग्नसराईचे दिवस, समोर सात पोती ओवायच्या पडलेल्या. तरी तिने शटर खाली ओढलं.

३

बारामतीचा दिग्विजय सोनार तरणा होता आणि घाबरलेलाही. सबिना चोर, तर तो तिचा साथीदार, असं बाजारात उघड बोललं जात होतं. आपाला बघून त्याने गिऱ्हाइकं वाटेला लावली. हिरा ओळखायचं यंत्र त्याच्याकडे होतं, पण आता त्याच्या यंत्रावर कोण विश्वास ठेवणार? तो म्हणाला की सबिना समोर बसली असतानाच त्याने नवी दांडी बसवली. पाऊण तासाचं काम. खडा त्याने कोंदणातून काढलाच नाही.

"खरा हुता?" आपाने विचारलं.

"शंभर टक्के. आत कडेला एक बारीक काळा ठिपका हुता. खाणीतल्यात असतोय तसा."

आपाने मान हलवली. जमिनीखाली हिरा घडताना शेजारच्या खडकाचा कण कधीकधी आत अडकून राहतो. बावीस वर्षं तिने असले ठिपके भिंगातून पाहिले होते.

मग दिग्विजय सहज बोलून गेला की दुसरी कुडीही साफ करायला पाठवा, असं त्याने सबिनाकडून निरोप देऊन म्हातारीला कळवलं होतं. पण उत्तर आलं, एका वेळी एकच. दोन्ही कान एकदम मोकळे ठेवायचे नाहीत, अशी चंद्राबाईंची अट होती. तिच्या आईने तिला तसं शिकवलं होतं म्हणे.

आपा उठता उठता थांबली. ऋषिराजच्या बोटात एक अंगठी असते असं तिने ऐकलं होतं. ती याने केली का? दिग्विजय ओशाळून हसला. चेअरमनसाहेब असल्या कामाला पुण्याला जातात, आणि त्यातला खडा अमेरिकन डायमंड आहे, तीन हजारांचा, असं स्वतःच सगळ्यांना सांगतात. त्याला एवढंच नवल वाटलं होतं की तीन हजारांच्या खड्याला कुणी तोळाभर सोनं का लावावं.

आपालाही नवल वाटलं. पण माणसं हौसेपायी काहीही करतात, म्हणून तिने ते तेवढ्यावर सोडलं. पणदऱ्याला पोचल्यावर मात्र तिला ते सोडता आलं नाही.

४

सुतकाच्या घरात आपा भेटायला आली यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चंद्राबाईंची पोत तिनेच दोनदा ओवली होती. ओसरीवर कुशाबाई बसल्या होत्या. चंद्राबाईंची धाकटी जाऊ, घरातलं आता सर्वांत मोठं माणूस. त्यांनी आपाला शेजारी बसवून घेतलं आणि पुतण्याचं कौतुक सुरू केलं. म्हातारीच्या अंगावरचं सोनं काढायला बायका पुढे झाल्या, तर ऋषिराज मध्ये पडला. कुड्यांना हात लावायचा नाही, आई त्या घालून आली, घालूनच जाईल, असं म्हणाला. लाखाच्या हिऱ्यांवर पाणी सोडलं पोराने. असा मुलगा कुणाच्या पोटी येतो?

आपाने हो ला हो केलं. पण तो घास काही तिच्या घशाखाली उतरला नाही.

स्वरूपा, ऋषिराजची बायको, चहा घेऊन आली. सबिनाचं नाव निघाल्यावर तिची नजर खाली गेली. सासूबाई सबिनाच्या हाताशिवाय औषध घेत नव्हत्या, हे तिने हळूच सांगितलं. आपाने तिला सासूचे फोटो दाखवायला लावले. दुःखाच्या घरात फोटो मागितले की कुणी नाही म्हणत नाही. स्वरूपा मोबाइलवर एकेक सरकवत गेली. लग्नातली चंद्राबाई, गोठ्यातली चंद्राबाई. मग एका फोटोत डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी.

"मोतीबिंदूचं आप्रेशन. इंदापूरला केलं हुतं, तीन वर्सं झाली," स्वरूपा म्हणाली. "सबिना यायच्या आदीचं."

आपाने फोटो बोटांनी मोठा केला. उजव्या कानात कुडी होती. डाव्या कानाच्या भोकात लिंबाची काडी होती, भोक बुजू नये म्हणून बायका घालतात तशी.

तिने कुडीचं विचारलं. स्वरूपाने सांगितलं की नर्सने कानातलं काढायला लावलं, तर सासूबाईंनी दोन्ही काढायला साफ नकार दिला. शेवटी आप्रेशनच्या बाजूची तेवढी काढली. ती ऋषिराजने खिशात ठेवली आणि आठ दिवसांनी, पट्टी निघाल्यावर, स्वतःच्या हाताने आईच्या कानात घातली.

"अन् त्यांची ती अंगठी कवाची गं?"

"त्याच टायमाची. संस्थेचं इलेक्शन लागलं हुतं." स्वरूपा बोलता बोलता अडखळली. आपाने मोबाइल तिच्या हातात परत दिला आणि दुसराच विषय काढला.

तेवढ्यात ऋषिराज आला. सबिनासाठी आपण रदबदली करायला आलो, असं आपाने सरळ सांगितलं. तो भडकला. या घराने तिला लेकीसारखं वागवलं, आईच्या कानाला तिच्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता, आणि तिने मरणाऱ्या बाईच्या अंगावरचं लुबाडलं, असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपाने आयुष्यभर व्यापारी पाहिले होते. खोटं बोलणारा माणूस तिला चालण्यावरून कळे. हा माणूस खोटं बोलत नव्हता. सबिना चोर आहे यावर त्याचा मनापासून विश्वास होता.

तिने मनात जुळवलेलं सगळं तिथेच ढासळलं. हाच चोर, तर मग याला राग कशाचा येतो?

ऋषिराज तोंड धुवायला मोरीकडे वळला. वळताना त्याने बोटातली अंगठी काढून ओसरीच्या कठड्यावर उलटी ठेवली. आपाला ती खालून दिसली. कोंदण खालून उघडं होतं, खड्याचं टोक बोटाला टेकेल असं. असं कोंदण फक्त ग्रहाच्या खड्याला करतात, आणि शुक्रासाठी हिरा घालायचा तर तो खाणीतलाच लागतो. अमेरिकन डायमंड घालून कुणी ग्रहाला फसवायला जात नाही.

५

दहाव्याच्या दिवशी सकाळी घाटावरचे विधी आटोपून माणसं परत आली. अंगणात मंडपाखाली पंगतीची तयारी चालली होती. आपा सबिनाला घेऊन आली आणि कुशाबाईंना म्हणाली, हिऱ्याचा निकाल लावायचाय, पण मंडपात नको. माजघरात सहा माणसं बसली: कुशाबाई, ऋषिराज, स्वरूपा, दारापाशी भीमा, आणि या दोघी. राखेतल्या कुड्या एका वाटीत होत्या.

"काकी," आपा म्हणाली, "ही पांढरी काच म्हणता ना? मग एक करा. तुमच्या हातानं ही त्या चमकत्या हिऱ्यावर घासा. जोरात."

कुशाबाईंनी सगळ्यांकडे बघितलं. मग काळवंडलेल्या सोन्याला धरून त्यांनी पांढरा खडा लखलखत्या खड्यावर ओढला. किर्र आवाज झाला. त्यांनी चमकता खडा उजेडात धरला आणि चष्मा वर केला. तुकतुकीत पृष्ठभागावर आडवी रेघ उमटली होती. पांढऱ्याला काही झालं नव्हतं.

"आता उलटं करून बगा," आपा म्हणाली. कुशाबाईंनी चमकता खडा पांढऱ्यावर घासला. पांढरा होता तसाच राहिला.

काचेने हिऱ्यावर रेघ ओढली, असं मग म्हणायचं का, आपाने विचारलं. आणि ती सांगू लागली, बावीस वर्षं जे भिंगाखाली बघितलं ते. हिरा म्हणजे दुसरं काही नाही, कोळशाचाच भाऊबंद. आपण विहीर खणतो ती पन्नास-साठ हात. हा दीडशे किलोमीटर खाली घडतो. तिथे वरच्या खडकाचं वजन असं की कोळशाचे कण एकमेकांत घट्ट रुतून बसतात, आणि उष्णता अशी की लोखंड तांबडं-पिवळं व्हावं. कोट्यवधी वर्षं तो तिथेच पडून राहतो. मग कधीतरी जमीन फुटते आणि उकळता खडक त्याला काही तासांत वर घेऊन येतो. हळूहळू वर आला असता तर वाटेतच त्याचं पेन्सिलीतलं शिसं झालं असतं.

"एवढ्या आगीत घडला, तर चितेत कसा जळंल?" ऋषिराज म्हणाला.

"खाली हवा न्हाय, ऋषिराव. कोळसा मातीत पुरला तर जळतो का? चितेवर वारा हुता."

उघड्या आगीत हिरा वरून जळतो, ती म्हणाली. सगळा जळत नाही, कातडी तेवढी भाजते. आणि हिऱ्याची चमक त्या कातडीवरच असते. उजेड आत शिरतो, पैलूंवर आपटून आतल्या आत फिरतो आणि परत वर आपल्या डोळ्यात येतो, म्हणून तो लखलखतो. पैलू खरखरीत झाले की उजेड आत शिरतानाच विखरतो आणि खडा मिठासारखा दिसतो. खाली हिरा तसाच असतो. मुंबईत आगीतून निघालेले असे कितीतरी तिच्या हाताखालून गेले होते. काच असती तर वितळून गोळी झाली असती. राहिला अमेरिकन डायमंड. तो कारखान्यातल्या भट्टीत, चितेच्या दुप्पट-तिप्पट आगीत तयार होतो. चितेने त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

"म्हंजे सबिनानं नेला त्यो खरा," कुशाबाई सावकाश म्हणाल्या. "आन् चमकतोय त्यो..."

"त्यो कानातनं एकदाच निघाला. इंदापूरला. सबिना ह्या घरात यायच्या सहा महिने आदी."

स्वरूपाने मोबाइल काढला नाही. इंदापूरचं आप्रेशन आणि कुडी कुणी काढली ते सगळ्यांना आठवत होतं. दवाखान्यातल्या कुणी बदलला असेल, नर्स असेल, असं ऋषिराज म्हणाला, पण आवाज बसला होता. आपाने हात पुढे केला.

"असंल. मग तुमची अंगठी द्या की. तीन हजाराची अमेरिकन. काकी तिच्यावर बी एक रेघ वढतील. पडली रेघ, तर मी ह्या सगळ्यांम्होरं तुमच्या पाया पडते."

ऋषिराजने मूठ मिटली.

कुशाबाई म्हणाल्या, दे रं. त्याने मूठ उघडली नाही. स्वरूपा नवऱ्याच्या मुठीकडे बघत होती.

"खाणीतला पायजे म्हणून सांगितलं हुतं ज्योतिषानं," तो शेवटी म्हणाला. "त्याबिगर निवडून येत न्हाय म्हणाला."

"आईला मागायचास," कुशाबाई म्हणाल्या. "दिला असता तिनं."

"दिला असता. अन् चार बायांत बोलली असती. चेअरमन आईच्या कानातलं वरबाडतोय म्हणून गाव थुकलं असतं." मग त्याने मान वर केली आणि सबिनाकडे बघितलं. "पर उजवीला मी हात लावला न्हाय. आईशप्पत. मला वाटलं, हिनं बी..."

आता आपाला त्याच्या रागाचं कोडं उलगडलं. कुड्या चितेवर जाऊ द्या म्हणून हा अडून बसला, कारण आईच्या कानातला आपला खोटा खडा आगीत विरघळून जाईल असं त्याला वाटलं. विरघळला नाही. उलट खराच मलूल होऊन निघाला, आणि याला वाटलं, आपण जे केलं तेच सबिनाने केलं. आपण एवढे मोठे, आपल्या हातून झालं, तर कामवाली बाई काय सोडते? त्याला तिचा खराखुरा राग आला होता. घाण वाटली आपाला त्या रागाची. साध्या चोराची तिला इतकी वाटली नसती.

६

कुशाबाईंनी उठून माजघराचं दार लोटलं. बाहेर पंगत बसत होती.

त्यांनी वाटीतली उजवी कुडी उचलली आणि सबिनाच्या हातावर ठेवली. हिरा खरा आहे, आपाच म्हणतात की पैलू पुन्हा घासले की लखलखेल, तो तुझा. तुझ्यावर आळ आला, तुझी भरपाई. घरातलं आता घरात राहू दे.

सबिनाने खडा बोटात धरून बघितला. तो घासून विकला असता तर तिला पुढची दहा वर्षं कुणाच्या दारात उभं राहायची गरज नव्हती. आपाने तिला काही सांगितलं नाही. हे सांगायचा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं.

"काकी," सबिना म्हणाली, "ह्यो घिऊन मी ह्या दारातनं भाईर पडले, की लोकं म्हणतील, बगा, हिच्याकडंच निघाला. मला हिरा नगं. राख सावडताना जेवढी माणसं हुती, तेवढ्यांम्होरं सांगा, हिनं घेतला न्हाय म्हणून. बास."

तिने कुडी वाटीत परत ठेवली. कुशाबाईंचे डोळे भरून आले. सांगू, त्या म्हणाल्या. तेराव्याला सगळा गाव जेवायला असेल, तेव्हा सांगू. ऋषिराजनेही मान हलवली. स्वरूपाने सबिनाचा हात धरला आणि सोडला.

त्याच संध्याकाळी ऋषिराज गाडी काढून नीरा नरसिंगपूरला गेला. संगमावर त्याने आईच्या अस्थी सोडल्या आणि त्याच मडक्यात टाकून दोन्ही कुड्याही सोडल्या. बोटात अंगठी नव्हती. ती कुठे गेली हे भीमाला कळलं नाही. तो सोबत होता म्हणून एवढं तरी आपाला कळलं. तिने स्वरूपाला फोन लावला. फोटो मोबाइलमधून गेला होता, चुकून, असं स्वरूपा म्हणाली आणि रडू लागली. आपाने फोन ठेवून दिला. तिला पहिल्यांदाच वाटलं की सबिनाला तो खडा घ्यायला लावायला हवा होता. मग तो घेतला असता तर काय झालं असतं तेही दिसलं, आणि दोन्हीकडून वाट बंद होती.

तेराव्याला ऋषिराज मंडपात उभा राहिला. त्याने हात जोडले. आईच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून आपण सबिनाबद्दल काहीही तक्रार करणार नाही, झालं गेलं आपण मनातून काढून टाकलं आहे, गावानेही काढून टाकावं, असं तो बोलला. पुढच्या पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. कुशाबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

सबिना आता भिगवणला असते. तिथे एका शेडमध्ये मासे निवडून बर्फात भरायचं काम मिळालं आहे. तिथे कुणाचं म्हातारं माणूस सांभाळायचं नसतं, त्यामुळे कुणी काही विचारत नाही.

पंधरा दिवसांनी जळोचीच्या दुकानात द्वारकाबाई पोत ओवायला घेऊन आली. गुणी, बोलघेवडी बाई. तिचं माहेर पणदऱ्याचं. समोर बसून ती मंडपातली हकिकत पहिल्यापासून सांगत होती.

"मनानं लई मोठा माणूस, आपा. एवढा हिरा गेला, तरी चोरटीला माफ केलं."

"तिनं घेतला नव्हता," आपा म्हणाली. "मी त्या घरात हुते. माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिनं घेतला नव्हता, द्वारकाबाई."

द्वारकाबाईने तिच्याकडे बघितलं. तिला राग आला नाही. ती मायेने हसली आणि आपाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू द्या, आपा. तुमी तुमच्या माणसाची बाजू घेणारच की."

उरलेले मणी मेहजबीनने ओवले, गाठ मारली, दोरा तोडला आणि पोत द्वारकाबाईच्या हातात दिली.